पियानो, पाच माइक आणि दोन कान

संगणकाच्या पडद्यावर वरून पाहिल्यासारखा एक ग्रँड पियानो काढलेला असतो. त्याच्या आजूबाजूला मायक्रोफोनची चिमुकली चित्रे. माउसने धरून ती हवी तिथे सरकवायची: झाकणाखाली, तारांच्या अगदी वर, वादकाच्या डोक्याजवळ, नाहीतर चार मीटर दूर. माइक वीतभर हलवला की हेडफोनमधला पियानो बदलतो. कधी तो जवळ येऊन बसतो, कधी पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा होतो. प्रत्यक्षात खोलीत पियानो नसतो आणि माइकही नसतो. एक कीबोर्ड असतो, संगणक असतो आणि ऐकणाऱ्याचे दोन कान असतात. या सगळ्यात खरी यंत्रणा तेवढीच, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्ट या कंपनीने २००६ साली 'पियानोटेक' नावाचे सॉफ्टवेअर आणले. त्यामागचे फिलिप गियोम हे पियानो सुरात लावण्याचा व्यवसाय करून नंतर गणिताकडे वळलेले गृहस्थ. तोवरची बहुतेक पियानो सॉफ्टवेअर ध्वनिमुद्रणावर चालत. खऱ्या पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात वाजवून हजारो तुकडे साठवायचे आणि पट्टी दाबली की त्यातला योग्य तुकडा ऐकवायचा. त्यात माइकच्या जागा मुद्रणाच्या दिवशीच ठरून जातात. नंतर फार तर जवळच्या माइकचा आवाज किती आणि लांबच्याचा किती, एवढे मिश्रण हातात राहते. पियानोटेकमध्ये साठवलेला आवाज नसतो. हातोडा तारेवर आदळला की तार कशी थरथरेल, तिच्यामुळे लाकडी साउंडबोर्ड कसा हलेल आणि अमुक बिंदूपाशी हवेचा दाब कसा बदलेल, याचे गणित त्या त्या क्षणी मांडले जाते. म्हणून माइक कुठेही ठेवता येतो. वरच्या आवृत्त्यांमध्ये असे पाच माइक ठेवता येतात.

आपल्याकडेही असे प्रयोग करणारे आहेत. फ्लॅटमध्ये ग्रँड पियानो मावत नाही आणि रात्री दहानंतर शेजाऱ्यांना सराव ऐकवता येत नाही. मग डिजिटल पियानो, लॅपटॉप आणि हेडफोन. तास-दोन तासांचा सराव कानाला चिकटलेल्या दोन छोट्या कण्यांतून ऐकला जातो. म्हणून हा विषय संगीताइतकाच कानाच्या डॉक्टरांचाही आहे.

मुळात माइक हलवल्याचे मेंदूला कळते कसे? माणसाच्या दोन कानांमध्ये सुमारे १७-१८ सेंटिमीटरचे अंतर असते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानावर आधी पोहोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानावर थोडा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या एक हजारांश भागाच्या दोन-तृतीयांशाइतका, म्हणजे साधारण ०.६५ मिलिसेकंद असतो. शिवाय डोके मध्ये आल्यामुळे डाव्या कानावर आवाज थोडा क्षीण पोहोचतो. लॉर्ड रॅली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये ही दोन सूत्रे एकत्र मांडली: खर्जाच्या आवाजांची दिशा वेळेतल्या फरकावरून कळते आणि टिपेच्या आवाजांची तीव्रतेतल्या फरकावरून. दोन्हींमधली सीमा साधारण १५०० हर्ट्झच्या आसपास पडते. शंभर वर्षांत त्यात पुष्कळ भर पडली, पण पाया तोच राहिला.

यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे सूक्ष्मता. अनुकूल परिस्थितीत तयार कानाला दोन बाजूंमधला अवघा १० मायक्रोसेकंदांचा फरक जाणवतो. चेतातंतूतला एक विद्युतसंदेश सुमारे एक मिलिसेकंद टिकतो. हा फरक त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका. अंतराच्या भाषेत सांगायचे तर साडेतीन मिलिमीटरही नाही. दोन्ही कानांचे संदेश पहिल्यांदा एकत्र येतात ते मस्तिष्कस्तंभात, मानेच्या थोडे वर असलेल्या काही इवल्याशा पेशीसमूहांत. तिथे हा हिशेब आपल्या नकळत जन्मभर अखंड चालू असतो. रस्ता ओलांडताना हॉर्न कोणत्या बाजूने आला हे कळते, ते याच हिशेबामुळे.

या हिशेबाला फसवता येते हे फार पूर्वी लक्षात आले होते. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ध्वनिग्राहक ओळीने मांडले आणि तारांवाटे ते गाणे दोन किलोमीटरहून दूर असलेल्या प्रदर्शनाच्या इमारतीत पोहोचवले. ऐकणारे दोन रिसीव्हर दोन कानांना लावत, एक मंचाच्या डाव्या बाजूचा, एक उजव्या. गायक चालत या टोकाकडून त्या टोकाकडे गेला की ऐकणाऱ्यालाही ते चालणे कळे. पुढे १९३१ मध्ये इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइनने स्टिरिओचे पेटंट मागितले आणि फ्रेंच नभोवाणीने दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांशी ११० अंशांचा कोन करून ठेवण्याची पद्धत रूढ केली. ते १७ सेंटिमीटर म्हणजे अर्थातच डोक्याची रुंदी. सॉफ्टवेअरमध्ये माइक मांडताना लोक आजही याच जुन्या आकृत्या गिरवतात.

पहिला प्रयोग बहुतेक जण करतात तो माइक जवळ नेण्याचा. एक माइक खर्जाच्या तारांवर, दुसरा टिपेच्या तारांवर. कीबोर्ड एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अंथरल्यासारखा वाटतो. हे ऐकायला रोमांचक असते, पण खोटे असते. सभागृहात बसलेल्या श्रोत्याला पियानो असा कधीच ऐकू येत नाही. दहा मीटरवरून तो जवळपास एकाच जागेवरून वाजतो आणि त्याच्याभोवती भिंतींवरून परतलेला आवाज असतो. स्वतः वादकालाही तो इतका रुंद ऐकू येत नाही, कारण आवाज पट्ट्यांमधून येत नाही, मोठ्या साउंडबोर्डमधून येतो.

दुसरा प्रयोग त्रासदायक असतो आणि म्हणूनच शिकवून जातो. एक माइक तारांपासून ५० सेंटिमीटरवर ठेवायचा, दुसरा ८४ वर, आणि दोन्ही एकत्र मिसळायचे. अंतरातला फरक ३४ सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिसेकंदाचा उशीर. ५०० हर्ट्झच्या सुराची एक लाट दोन मिलिसेकंदांची असते. तेव्हा एका माइकमध्ये लाट वर असताना दुसऱ्यात ती खाली असते आणि दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. तेच १५०० ला होते, २५०० ला होते. सुरांच्या पट्ट्यात कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडतात. पियानो पोकळ, नाकातून बोलल्यासारखा वाटतो तो यामुळे. मग माणूस वैतागून आवाज वाढवतो. त्याने फटी भरत नाहीत, कानावरचा भार मात्र वाढतो.

तेच दोन माइक वेगवेगळ्या कानांना दिले तर मात्र निराळेच घडते. एक आवाज आधी आणि तसाच दुसरा काही मिलिसेकंदांनी आला, तर मेंदू दोन्ही मिळून एकच आवाज धरतो आणि दिशा पहिल्याची मानतो. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात याचा अभ्यास केला. उशिरा आलेला आवाज दहा डेसिबलने मोठा असला तरी पहिल्याचा मान टिकून राहतो, असे त्यांना दिसले. घुमणाऱ्या देवळात किंवा जिन्यात बोलणारा कुठे आहे ते आपल्याला कळते, ते मेंदू मागून आलेले प्रतिध्वनी असे बाजूला सारतो म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये माइकमधला हा उशीर भरून काढायचे एक बटण असते. ते दाबले की डावीकडे झुकलेला पियानो झटकन मध्ये येऊन बसतो. आवाजाची पातळी तीच, सूर तेच. बदलले ते काही हजारांश सेकंद.

आता मुख्य अडचण. माइक जवळ नेला की आवाज मोठा होतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले तर सुमारे सहा डेसिबलने. आणि दोन आवाजांची तुलना करताना माणसाचा कान जवळजवळ नेहमी मोठ्या आवाजाला 'चांगला' म्हणतो. त्याला कारण आहे. हळू आवाजात कान खर्ज आणि टीप दोन्ही कमी टिपतो. आवाज वाढला की ती दोन्ही टोके उठून दिसतात आणि वाद्य भरदार वाटते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवले आहेत. म्हणजे माइकची जागा बदलून 'सुधारणा' झाली असे वाटते तेव्हा अनेकदा फक्त आवाज वाढलेला असतो. अशा दहा सुधारणा एका संध्याकाळी झाल्या की कान कुठल्या कुठे पोहोचतो. त्यामुळे प्रत्येक तुलनेआधी दोन्ही मांडण्यांची पातळी सारखी करून घेणे ही चैन नव्हे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सोय असते. नसेल तर हाताने कमी करावे.

किती आवाज सुरक्षित, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने वेळेच्या हिशेबात दिले आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल तेवढाच वेळ. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० पर्यंत गेले तर आठवड्याचे जेमतेम ४ तास. रोज तासभर सराव करणाऱ्याचे ९० डेसिबलचे खाते गुरुवारीच संपते. शिवाय त्याच कानांनी लोकलमध्ये इअरफोनवर ऐकलेली गाणी, मिरवणुकीतला डीजे, कारखान्यातली पाळी हे सगळे याच खात्यात जमा होते.

डिजिटल पियानोच्या आवाजाच्या गोल बटणावर डेसिबल लिहिलेले नसतात, हीच पंचाईत. त्यातल्या त्यात व्यवहार्य म्हणजे खोली शांत असताना, सुरुवातीलाच, ताज्या कानांनी पातळी ठरवावी आणि नंतर ती वाढवू नये. कारण तासाभराच्या मोठ्या आवाजाने कान तात्पुरता मंद होतो, विशेषतः वरच्या सुरांना. मग तोच पियानो बोथट वाटू लागतो, माणूस माइक आणखी जवळ ओढतो, आवाज आणखी वाढवतो. रात्री अकराला जमवलेला 'सुंदर' आवाज सकाळी चहाच्या वेळी ऐकला तर कर्कश लागतो. असे झाले तर रात्री कान थकला होता असे समजायला हरकत नाही. सरावानंतर कानात शिटी वाजत राहिली किंवा कापूस घातल्यासारखे वाटले, तर तो इशारा त्याहून स्पष्ट. प्रत्येक कानातल्या शंखात जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

हेडफोनमधला आणखी एक अनुभव अनेकांना बुचकळ्यात टाकतो. साध्या स्टिरिओत पियानो समोर वाजत नाही, कवटीच्या आत वाजतो. याचे कारण कानाच्या पाळीत आहे. तिच्या घड्यांवर आपटून टिपेच्या आवाजात बारीक फेरफार होतात आणि आवाज वरून आला की खालून, समोरून की मागून, हे मेंदू त्यावरून ओळखतो. हेडफोन हा टप्पाच वगळतो. त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये माइकऐवजी एक आभासी डोके ठेवायची सोय असते. त्याच्या दोन कानांशी जे पोहोचेल ते आपल्या दोन कानांना द्यायचे. काहींना यात पियानो खरोखर समोर येतो, काहींना तो मागे गेल्यासारखा वाटतो, काहींना काहीच फरक पडत नाही. यात कुणाचा कान बिघडलेला नसतो. प्रत्येकाच्या पाळीचा आकार वेगळा, आणि मेंदूने लहानपणापासून स्वतःचीच पाळी पाठ केलेली. दुसऱ्याच्या कानांनी ऐकायचे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखे.

पण हे पाठांतर बदलता येते. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चार प्रौढांच्या कानांच्या पाळीत साचे बसवून तिचा आकार बदलला. सुरुवातीला वरखालची दिशा त्यांना मुळीच ओळखता येईना. काही आठवड्यांत ती पुन्हा जमू लागली. आणि साचे काढल्यावर जुन्या कानांनीही लगेच नीट ऐकू आले. नवी भाषा शिकल्यावर मातृभाषा विसरत नाही, तसे.

हा सगळा डोलारा दोन कानांवर उभा आहे. एक कान गेला की दिशा जाते आणि गोंगाटात बोलणे वेगळे काढण्याची क्षमताही जाते. पण शांत खोलीत एका कानावर भागते, त्यामुळे कित्येकांना हे महिनोन्महिने कळत नाही. हेडफोन लावून बसणाऱ्याला ते लवकर कळू शकते: पियानो सारखा एका बाजूला ओढला जातो. अशा वेळी माइक हलवत बसण्याआधी हेडफोन उलटा करून घालावा, डाव्याचा उजव्याला. कमी आवाज हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा किंवा सॉफ्टवेअरमधल्या मांडणीचा. कमी आवाज त्याच कानाला चिकटून राहिला, तर दोष कानाचा.

आणि हा बदल एक-दोन दिवसांत झाला असेल तर तो थांबण्याचा विषय नाही. अचानक येणारा चेताजन्य बहिरेपणा ही तातडीची स्थिती आहे. स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका फायद्याचा संभव अधिक. दोन आठवडे उलटले की तो झपाट्याने घटतो. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण येतात ते बहुधा उशिरा, कानात तेल घालून, मळ असेल, सर्दी असेल म्हणत वाट पाहून. घरी एक साधी गोष्ट करून पाहता येते. तोंड मिटून एकाच सुरात हुंकार द्यायचा. मळ किंवा सर्दीने कान बंद असेल तर हुंकार बहुधा बंद कानात मोठा ऐकू येतो. चेतातंतूचा बिघाड असेल तर चांगल्या कानात. डॉक्टर कपाळावर ५१२ हर्ट्झचा नादकाटा टेकवून हेच तपासतात. हुंकाराने निदान होत नाही, पण चांगल्या कानात ऐकू आला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. आणि काय ऐकू आले ते नक्की कळले नाही, तरीही जावे.

ज्यांचा एक कान कायमचा गेला आहे त्यांनी पियानो सोडायचे कारण नाही. मोबाइलमध्ये आणि संगणकात दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करण्याची, म्हणजे मोनोची सोय असते. ती चालू करावी, नाहीतर अर्धे संगीत बहिऱ्या कानापाशीच राहते. मात्र मोनो करताना तो कंगव्याचा दोष आठवावा. लांब लांब ठेवलेले दोन माइक एकत्र आले की फटी पडतात. अशांनी एकच आभासी माइक वापरावा, किंवा ब्लमलाइनच्या पद्धतीने एकाच बिंदूवर तिरके ठेवलेले दोन. त्यांत उशीर नसतो, म्हणून फटीही नसतात.

वयानुसार कमी होणारे ऐकणे वेगळ्या वाटेने येते, दोन्ही कानांना आणि टिपेकडून. पियानोची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झची. गोंगाटाने होणारी हानी ऑडिओग्रामवर पहिल्यांदा दिसते ती ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये, बहुधा ४००० पाशी, म्हणजे त्या पट्टीच्या शेजारीच. म्हणून ती पट्टी ऐकू आली की कान उत्तम, असे मात्र नाही. त्या टोकाला सुराइतकीच हातोड्याची लाकडी टकटक असते आणि ती ऐकून माणूस सूर ऐकल्याचे समाधान मानतो. पन्नाशी उलटलेला एखादा गृहस्थ टिपेच्या तारांवर माइक ओढत राहतो आणि घरातली मुलगी म्हणते, "बाबा, किती टोचतंय कानाला." तिथे मुलीचे खरे मानावे आणि ऑडिओमेट्री करून घ्यावी. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान वेगवेगळे तपासणारी ही चाचणी अनेक जिल्हा रुग्णालयांत होते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था तर याच कामासाठी आहे.

श्रवणयंत्र लागलेच तर माइकच्या जागेचा प्रश्न तिथेही येतो, आणि तो आभासी नसतो. कानामागच्या यंत्राचा माइक पाळीच्या वर बसतो, त्यामुळे पाळीच्या घड्यांची खूण हुकते. कानाच्या नळीत बसणाऱ्या यंत्रात ती बरीचशी टिकते. बऱ्याच यंत्रांत शेजारी शेजारी दोन माइक असतात आणि त्यांच्यातल्या काही मायक्रोसेकंदांच्या उशिरावरून यंत्र समोरचे बोलणे मागच्या गोंगाटातून वेगळे काढते. दोन्ही कान कमी ऐकत असतील तर एका कानाला यंत्र लावून पैसे वाचवणे म्हणजे दिशा पुन्हा हरवणे. परवडत असेल तर दोन घ्यावीत. पहिल्या आठवड्यात सगळेच आवाज परके वाटतात. भांड्यांची आपटाआपट असह्य होते, स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, आणि यंत्र कपाटात जाते. साचे घातलेल्या त्या चौघांनाही काही आठवडे लागले होते. ऑडिओलॉजिस्ट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला बोलावतात ते यासाठीच, आणि त्या फेरीला यंत्र कानात घालूनच जावे.